फाटला, बसला की जळाला?

लाउडस्पीकरचा ड्रायव्हर दुरुस्त करावा की बदलावा, हा प्रश्न चामटोलीत सहसा रात्री साडेनऊच्या सुमारास उपस्थित होतो. दहाला आवाज बंद करण्याचा नियम आहे. तो २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला असून २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. उरलेल्या अर्ध्या तासात हळदीचे पैसे वसूल व्हावेत म्हणून साडेनऊला आवाजाचे बटण उरलेसुरले सगळे फिरवले जाते, आणि ज्या ड्रायव्हरला जायचे असते तो नेमका तेव्हाच जातो. पहिले निदान ‘लाइट कमी आहे’ असे होते. दुसरे ‘वायर हलली’ असे. मग मंडपातला कोणी तरी अनुभवी माणूस खोक्याला लाथ मारून पाहतो. या तिन्ही उपचारांनी आवाज परतला नाही म्हणजे स्पीकर गेला हे सर्वमान्य होते आणि दोन पक्ष पडतात. एक ‘होईल रिपेअर’ म्हणणारा, दुसरा ‘नवीनच टाक रे’ म्हणणारा. पहिल्या पक्षात ज्याचा स्पीकर आहे तो असतो. दुसऱ्या पक्षात बाकी सगळे.

चामटोली हे अंबरनाथ तालुक्यातले गाव. रेल्वेने पाहिले तर बदलापूर आणि वांगणी या स्टेशनांच्या मध्ये. या पट्ट्यात लग्नापेक्षा हळद मोठी असते आणि हळदीपेक्षा तिचा आवाज. शिवाय गणपती, नवरात्र, हरिनाम सप्ताह, टेनिस बॉलचे क्रिकेट सामने आणि निवडणुका मिळून स्पीकरला वर्षभर उसंत नसते. प्रत्येक प्रसंग त्याचा वेगळा अवयव निकामी करतो. हळदीत बेसची कॉइल जळते. सामन्यांत भोंग्याचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पातळ पडदा, फुटतो, कारण समालोचक माइक ओठांना टेकवल्याशिवाय षटकार जाहीर करत नाही. सप्ताहात काहीच बिघडत नाही. पण सप्ताह उरकल्यावर सामान देवळामागच्या खोलीत पडून राहते, आणि त्या खोलीत उंदीर वर्षभर मुक्कामाला असतात. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. समोरासमोरचे साधे बोलणे ६०च्या आसपास जाते. म्हणजे मानपानावरून निघालेला पहिला शब्दच मर्यादा ओलांडतो, स्पीकरचा नंबर त्यानंतर लागतो.

ड्रायव्हर म्हणजे लाकडी खोक्याच्या आतला तो गोल भाग. बाहेरून पत्र्याची किंवा ओतीव धातूची चौकट. तिच्यात कागदी कोन. कोनाला भोवतालून लवचिक कड. मागच्या अंगाला वळ्यावळ्यांचे पिवळट कापड, ज्याला स्पायडर म्हणतात. आणि सर्वांत मागे लोहचुंबक. कोनाच्या बुडाशी एका नळीवर तांब्याची तार गुंडाळलेली असते. ही कॉइल चुंबकाच्या लोखंडी ध्रुवांमधल्या बारीक फटीत कुठेही न टेकता तरंगते. तिच्यातून गाण्याचा प्रवाह गेला की ती पुढेमागे हलते, कोन हवा ढकलतो आणि तिसऱ्या आळीतल्या कपाटाच्या काचा वाजू लागतात. हलत्या कॉइलचे पेटंट ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ साली घेतले. तिला आजचे रूप जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली दिले. तेव्हापासून तत्त्वात काही फरक पडलेला नाही; फरक गाण्यांत पडला.

या यंत्राची एक बाब साउंडवाले गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. साध्या खोक्यातल्या ड्रायव्हरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम एक ते पाच टक्क्यांचा आवाज होतो. उरलेल्या विजेची उष्णता होते, आणि तीही बोटभर उंचीच्या त्या कॉइलमध्ये. हजार वॅटचा बेस ही मुळात शेगडी असून आवाज हे तिचे जोडउत्पादन आहे. एवढे ध्यानात घेतले तर स्पीकर जळतो का, हा प्रश्नच उरत नाही. तो इतके दिवस जळत कसा नाही, हा उरतो.

दुरुस्तीचा विचार करण्याआधी निदान करावे लागते. त्याला दोन-तीन मिनिटे लागतात, म्हणूनच ते कोणी करत नाही. दीड व्होल्टच्या सेलची दोन टोके स्पीकरच्या टोकांना क्षणभर लावली तर निरोगी ड्रायव्हर ‘ठप्’ असा आवाज करतो. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला असेल तर कोन पुढे येतो. आत गेला तर आधीच्या मेकॅनिकने तारा उलट जोडल्या आहेत. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर ६च्या आसपास भरतो. हा आकडा कमी दिसला म्हणून फसवणुकीचा आरोप करू नये. ८ हा आकडा चालत्या स्पीकरचा आणि ६ हा नुसत्या तारेचा असतो. काटा हललाच नाही तर कुठेतरी तार तुटली आहे, शून्यावर गेला तर कॉइल आतल्या आत चिकटली आहे. शेवटची परीक्षा हाताची. दोन्ही हातांची बोटे कोनावर समोरासमोर टेकवून तो हळूच, सरळ आत दाबायचा. खरखर जाणवली तर कॉइल चुंबकाला घासते आहे. ती तिरकी बसली आहे किंवा तापून फुगली आहे. एका बाजूने दाबले तर मात्र चांगली कॉइलही घासते. पुष्कळ निरोगी स्पीकर या चुकीच्या दाबामुळे मृत घोषित झाले आहेत.

सर्वांत हलके दुखणे म्हणजे फाटलेला कोन. बोटभर चीर असेल तर ती निश्चित दुरुस्त होते. मागून-पुढून पातळ टिश्यू कागदाची पट्टी आणि वाळल्यावर लवचिक राहणारा गोंद एवढे साहित्य पुरते. प्रत्यक्षात घरात जे सापडेल ते लावले जाते. फेव्हिक्विक लावल्यास तेवढा भाग दगडासारखा होतो आणि शेजारी नवी चीर जाते. एम-सील लावल्यास कोनाचे वजन वाढून आवाजाला सर्दी होते. चिकटपट्टी दमट हवेत दोन दिवसांत सुटते आणि गाण्याच्या तालावर फडफडते; ते नवीन वाद्य आहे असा काही श्रोत्यांचा समज होतो. तो अगदीच चुकीचा नाही. ‘द किंक्स’ या इंग्लंडमधल्या बँडचा गिटारवादक डेव्ह डेव्हिस याने आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कोन पात्याने चिरला आणि त्या फाटक्या आवाजात १९६४ साली ध्वनिमुद्रित झालेले गाणे जगभर गाजले. बदलापूर-वांगणी पट्ट्यात हा प्रयोग दर मोसमात अनेकदा होतो, त्याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. उंदराने कोन कुरतडून ताटलीएवढे भोक पाडले असेल तर पट्ट्यांचा नाद सोडून सगळा कोनच बदलावा. मधली टोपी, म्हणजे डस्ट कॅप, एखाद्या लहान मुलाने बोटाने आत दाबली असेल तर काहीच करू नये. आवाजावर तिचा फारसा परिणाम नसतो. परिणाम होतो तो मालकाच्या मनावर. फारच खुपले तर चिकटपट्टी चिकटवून ती अलगद बाहेर ओढता येते.

घरातल्या जुन्या म्युझिक सिस्टीमची व्यथा वेगळी. तिच्या कोनाची कड पुष्कळदा फोमची असते. हा फोम दमट हवेत आपोआप कुजतो. स्पीकर वाजवा अथवा कापडाखाली झाकून ठेवा, दहा-पंधरा वर्षांत बोट लावताच त्याचा भुगा होतो. ‘आम्ही तर लावतसुद्धा नव्हतो’ ही तक्रार म्हणूनच निरर्थक आहे. इथे मात्र कोन, कॉइल, चुंबक सगळे शाबूत असते. फक्त कड काढून तेवढ्याच मापाची नवी कड चिकटवली की स्पीकर पूर्ववत होतो. रबरी कड लावली तर ती फोमहून जास्त टिकते, पण जाड असल्यास कोनाची हालचाल बदलते. जो स्पीकर नवीन घेण्याला काहीही अर्थ नाही, असा हाच. आणि नेमका तोच लोक भंगारात देतात, कारण समोरून बघताना तो सर्वांत भयंकर दिसतो.

आता जळालेली कॉइल. या धंद्याची खरी रोजीरोटी तीच आहे आणि तिच्या जळण्यामागे माणसाच्या स्वभावाचा मोठा वाटा आहे. तांबे तापले की त्याचा विरोध वाढतो. थंड असताना ६ ओहम भरणारी कॉइल दोनशे अंशांनी तापली की साडेदहाच्या वर जाते. विरोध वाढला की ती ॲम्प्लिफायरकडून वीज कमी घेते, आणि आवाज आपसूक थोडा खाली येतो. बिचारा स्पीकर स्वतःला वाचवण्याचा हा एकच प्रयत्न करू शकतो. ऑपरेटरला तो आळस वाटतो. तो बटण पुढे सारतो. कॉइल आणखी तापते. आवाज आणखी बसतो. नवऱ्याचा मामा ‘वाढव’ अशी खूण करतो. शिवाय आवाज कानाला दुप्पट वाटायला जवळजवळ दहापट वॅट लागतात, हे त्या मामाला माहीत नसते. दुप्पट वॅट दिले तर तीन डेसिबलच वाढतात. तेवढा फरक नाचणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही, कॉइलच्या मात्र येतो.

दुसरे कारण मशीनचे. ॲम्प्लिफायरला गावात मशीन म्हणतात. त्याच्या कुवतीबाहेर मागणी केली की ध्वनिलाटेचे माथे सपाट कापले जातात. तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेपेक्षा अशा चौकोनी लाटेत दुप्पट शक्ती असते, आणि तिच्यातला कर्कश अंश सरळ ट्वीटरकडे, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरकडे जातो. म्हणून दोनशे वॅटची मशीन पिळून काढली की तीनशे वॅटचा स्पीकर जळू शकतो. ‘स्पीकर मोठा आहे, काही होत नाही’ हे वाक्य म्हणून धोक्याचे. त्यातही ८ ओहमचे चार स्पीकर एका चॅनेलला एकत्र जोडले की मशीनसमोर २ ओहमच उरतात. मग आधी मशीन गरम होते, मग मशीनवाला.

जळालेल्या ड्रायव्हरची दुरुस्ती म्हणजे रिकोनिंग. हे काम बघण्यासारखे असते. जुना कोन आणि स्पायडर ब्लेडने कापून काढतात. आत दिसतो तो काळवंडलेल्या तारांचा गुंता, आणि वास असा येतो की मालक आपोआप गप्प होतो. चौकटीवरचा जुना गोंद खरवडतात. मग खरे नाजूक काम: चुंबकाच्या फटीत अडकलेला लोखंडाचा कीस काढणे. चुंबक तो कीस सोडायला तयार नसतो. फुंकर मारून तो जागचा हलत नाही. कागदी चिकटपट्टी दुमडून फटीतून गोल फिरवावी लागते, पुन्हा पुन्हा. एक कण राहिला तरी पुढे आयुष्यभर खरखर. यानंतर नवी कॉइल फटीत बसवायची. ती चारी बाजूंनी सारख्या अंतरावर राहावी म्हणून तिच्या नळीत पातळ फिल्मच्या पट्ट्या खोचतात, आणि त्यासाठी जुन्या एक्स-रेइतके उत्तम साहित्य दुसरे नाही. कोणाचा तरी फ्रॅक्चर झालेला गुडघा अशा रीतीने बेसच्या कामी येतो. स्पायडर, मग कोन, असे एकेक चिकटवतात, लीडच्या लवचिक तारा डागतात, गोंद वाळू देतात, पट्ट्या ओढून काढतात आणि शेवटी टोपी लावून सगळे झाकून टाकतात.

‘गोंद वाळू देतात’ हे तीन शब्द लिहायला सोपे आहेत. गोंदाला रात्रभर लागते, पावसाळ्यात त्याहून जास्त. गिऱ्हाईक मात्र ‘संध्याकाळी हळद आहे’ असे सांगत दुकानात उभे असते. मेकॅनिक ‘उद्या घेऊन जा’ म्हणतो, गिऱ्हाईक ‘बाहेर थांबतो’ म्हणते. अर्धओल्या गोंदाचा ड्रायव्हर टेम्पोत चढतो आणि पहिल्याच गाण्याला कोन एकीकडे, कॉइल दुसरीकडे होते. यावरून ‘रिपेअर केलेला स्पीकर टिकत नाही’ हे लोकमत तयार झाले आहे. नीट वाळवलेला, योग्य मापाच्या कॉइलचा रिकोन केलेला ड्रायव्हर नव्याच्या जवळपास चालतो. मात्र कॉइलची उंची, थर आणि नळीचा प्रकार मूळचाच हवा. ॲल्युमिनियमच्या नळीच्या जागी कागदी नळी घातली तर स्पीकर स्वस्तात होतो आणि स्वस्तातच पुन्हा जळतो.

भोंग्याच्या युनिटबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. त्याचा डायफ्रॅम कॉइलसकट तयार मिळतो. मागचे झाकण उघडून जुना काढायचा, नवा बसवायचा, स्क्रू आवळायचे. फाटलेला डायफ्रॅम चिकटवू नये. टायटॅनियमचा तर चिकटतच नाही. स्वस्तातला ट्वीटर गेला तर सरळ नवा घ्यावा, पण त्याच्या तारेत लावलेला छोटा कपॅसिटर तपासून मगच. बेसचा धक्का ट्वीटरपर्यंत जाऊ न देण्याचे काम तो करतो. ‘हा मध्ये कशाला?’ म्हणून कोणी तरी तो आधी काढून टाकलेला असतो, आणि त्याचे नाव कधीच कळत नाही.

पाण्याचा विषय चामटोलीला टाळता येत नाही. २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात इथेच अडकली आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व गावकरी अशा सर्वांच्या मदतीने सुमारे १०५० प्रवासी सुखरूप बाहेर काढले गेले. गावाचे नाव त्या दिवशी देशभर पोहोचले, तेही एकही भोंगा न वापरता. उल्हास नदी असे पाणी अधूनमधून आणते आणि तळमजल्यावरचे स्पीकर भिजतात. भिजलेला ड्रायव्हर लगेच लावून बघण्याचा मोह आवरावा, कारण ओला कोन लगद्यासारखा फाटतो. खोक्यातून काढून तो सावलीत, उभा, भरपूर वाऱ्यात वाळवावा. उन्हात कोन वाकडा होतो. चुंबकाला पाण्याने काही होत नाही. तांब्यालाही लगेच होत नाही. घात करतो तो फटीत बसलेला गाळ आणि त्यामागून येणारा गंज, कारण गंजाने लोखंड फुगते आणि फट आणखी बारीक होते. कोन वाळल्यावर पूर्ववत दिसतो, मालक पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, आणि दोन महिन्यांनी खरखर सुरू होते. हा ड्रायव्हर महाग असेल तर फट साफ करून रिकोन करावा, साधा असेल तर सोडून द्यावा.

काही रोगांवर मात्र इलाज नाही. टेम्पोतून पडलेला जड स्पीकर बाहेरून ठणठणीत दिसतो. आत चुंबक केसभर सरकलेला असतो आणि कॉइल फटीत घट्ट रुतलेली असते. चुंबक चिकटवलेला असतो, चुंबकीय असतो, आणि तो हाताने जागेवर सरकवण्याचा प्रयत्न केल्यास मधली बोटे परत मिळण्याची शाश्वती नसते. हीच गोष्ट वाकलेल्या पत्र्याच्या चौकटीची. इथे ‘होईल रिपेअर’ पक्षाने मुकाट्याने पाकीट काढावे. एरवी ढोबळ हिशेब असा की रिकोनिंगचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त होऊ लागला तर नवा घ्यावा. नावाजलेल्या बनावटीच्या पंधरा-अठरा इंची ड्रायव्हरला तो क्वचितच तेवढा होतो. आठ इंची साध्या स्पीकरला पहिल्याच भेटीत होतो.

नवा घ्यायचा तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे आणि त्याआधी उल्हासनगर आहे, जिथल्या मालावरचे ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तिथले दुकानदारच आधी सांगून मोकळे होतात. गिऱ्हाईक स्पीकर घेताना तो दोन्ही हातांनी उचलून बघते. जड म्हणजे चांगला. वास्तविक निओडायमियमचा चुंबक फेराइटपेक्षा कितीतरी लहान आणि हलका असून तेवढेच काम करतो. पण हलका स्पीकर जास्त पैसे मोजून घेणारा माणूस या परिसरात लोकांच्या चेष्टेचा विषय होतो. वॅटचा आकडाही जपून वाचावा. पीएमपीओ या नावाखाली छापलेले हजारो वॅट घरातल्या प्लगमधूनच यायचे असतात, हे छापणाऱ्याच्या ध्यानात राहिलेले नसते. बघायचे ते एवढेच, की ओहम तेवढेच आहेत ना, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटला होणारा आवाज, जुळते का, आणि ड्रायव्हर त्या खोक्याला मानवतो का. खोक्याचे घनफळ आणि ड्रायव्हर यांचे गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडले आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते पूर्ण केले. इथे मात्र भोक तेवढेच असले की झाले. जोडीतला एकच बदलला तर जुना सैलावलेला आणि नवा ताठ, असे दोन आवाज ऐकू येतात; ते ज्याला ऐकू येतात तो माणूस सहसा मंडपात नाचत नसतो.

खरेदीनंतरचा प्रवास लोकलच्या लगेजच्या डब्यातून. भाजीच्या पाट्या आणि माशांच्या टोपल्यांत अठरा इंची ड्रायव्हर मांडीवर घेऊन बसलेला माणूस बदलापूरला उतरेपर्यंत डबाभर विचारणा होते: किती वॅटचा, किती पडला, जुना का गेला. शेवटच्या प्रश्नाला ‘माल खराब होता’ हे उत्तर ठरलेले आहे. बटण कोणी पुढे सारले हे त्यात येत नाही, म्हणून नव्या ड्रायव्हरला तीच मशीन, तोच ऑपरेटर आणि तोच मामा मिळतो.

जुन्याचे काय होते तेही नोंदवले पाहिजे. रिकोन होण्याची आशा असलेला माळ्यावर जातो, आणि मालक बदलले तरी तिथेच राहतो. चुंबक सुटा झाला तर सुताराकडे जातो, सांडलेले खिळे गोळा करायला. उरलेली चौकट भंगारवाला किलोवर घेतो. त्याच्या टेम्पोवर ध्वनिमुद्रित आरोळी वाजवणारा भोंगा असतो. त्याचा डायफ्रॅम कधीचा फुटलेला आहे, ‘भंगार’मधला ‘भ’ नीट येत नाही, आणि तो बदलायला खर्च अगदी थोडा येतो. पण भंगारवाला तो बदलणार नाही. नीट आवाजात पुकारले तर भाजीवाला समजून कोणी बाहेर येत नाही.